नोटीस चावडीवर, माणसं मुंबईत

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी एक कागद घरभर फिरला. सातबाऱ्याचा उतारा. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या नावाला कंस पडला होता आणि खाली दोन्ही काकांची व माझ्या वडिलांची नावं लागली होती. आत्याचं नाव नव्हतं. तिने उतारा दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मोठे काका म्हणाले, "अगं, नोटीस रीतसर निघाली होती. चावडीवर पंधरा दिवस होती. कुणाची हरकत आली नाही, मग सर्कलनी नोंद मंजूर केली."

आत्या शांतपणे म्हणाली, "दादा, मी डोंबिवलीत. तिथून मला चावडी कशी दिसायची?"

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. कारण कायद्याच्या पुस्तकात ज्याला 'सुनावणीचा अधिकार' म्हणतात, तो सगळा त्या एका प्रश्नात आहे. ज्याच्या हक्कावर निर्णयाचा परिणाम होणार, त्याला आधी कळलं पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. हा अधिकार आपल्याकडे कागदावर भक्कम आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तो निसटतो, तो सुनावणीच्या दालनात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, नोटिशीपाशी.

दुसरी बाजू

नैसर्गिक न्यायाची मुख्य तत्त्वं दोन. स्वतःच्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे पहिलं. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निवाडा देऊ नये, हे दुसरं. ही तत्त्वं इंग्रजांबरोबर आली असं अनेकांना वाटतं. पण मराठेशाहीतल्या निवाड्यांचे कागद पाहिले तर तिथे अग्रवादी आणि पश्चिमवादी असे दोन्ही पक्ष भेटतात. दोघांची तकरीर, म्हणजे जबानी, लिहून घेतली जाई. निवाडा मान्य करू असा राजीनामा दोघांकडून आधी घेतला जाई. मग गोतसभा बसे आणि महजर, म्हणजे निवाडपत्र, होई. वतनाच्या भांडणात समोरच्याला न बोलावता केलेला निवाडा टिकणार नाही, ही समज गावगाड्यात होतीच.

इंग्लंडमध्ये १८६३ साली कूपर नावाच्या माणसाचं प्रकरण गाजलं. त्याने लंडनच्या वाँड्सवर्थ भागात घर बांधायला घेतलं. बांधकामाआधी स्थानिक मंडळाला सात दिवसांची सूचना देणं बंधनकारक होतं, ती मिळाली नाही म्हणून मंडळाने घर पाडलं. कायद्यात पाडण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला होता, 'आधी ऐकून घ्या' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तरी न्यायालय म्हणालं की पाडण्यापूर्वी त्याला विचारायला हवं होतं. कायदा गप्प असेल तिथे न्यायाचं तत्त्व ती जागा भरून काढतं.

आपल्याकडे १९७८ साली मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाशी जोडलं. जीवित आणि स्वातंत्र्य हिरावून घेणारी कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असावी लागते. त्यानंतर १९८५ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांचा खटला आला, ओल्गा टेलिस या नावाने तो ओळखला जातो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ नुसार आयुक्तांना सूचना न देता अतिक्रमण हटवता येत होतं. हे लोक बेकायदाच बसलेले आहेत, मग त्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे तरी काय, असा पालिकेचा सूर होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो मान्य केला नाही. सूचना न देणं हा अपवाद आहे आणि सूचना देणं हा नियम, असा त्या कलमाचा अर्थ त्यांनी लावला. सुनावणी ही केवळ निकाल बदलण्याची संधी नसते, ज्याच्या आयुष्याबद्दल ठरतं आहे त्याच्याशी बोललं जाणं यालाच स्वतःची किंमत आहे, ही त्या निकालातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

त्याच निकालात न्यायालयाने पदपथ रिकामे करायला मात्र मनाई केली नाही, फक्त पावसाळा सरेपर्यंत थांबायला सांगितलं. म्हणजे सुनावणी मिळाली की आपण जिंकलो, असं नाही. सुनावणीचा हक्क हा ऐकलं जाण्याचा हक्क आहे, जिंकण्याचा नव्हे.

फेरफाराचे पंधरा दिवस

आता रत्नागिरीकडे येऊ. मंडणगडपासून राजापुरापर्यंत नऊ तालुके, डोंगरउतारावरचे तुकडे, एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं. त्यांतली निम्मी माणसं गिरणगावात, मग डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्यात. चाकरमान्यांचा जिल्हा हा. इथे कोर्टकचेरी म्हटली की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा जमीन येते, आणि जमिनीच्या वादाचं मूळ पुष्कळदा एखाद्या फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या हक्कबदलाच्या नोंदीत, सापडतं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५० सांगतं की तलाठ्याने फेरफाराची नोंद घेतली की तिची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची, आणि त्याच वेळी, ज्यांचा हितसंबंध आहे असं अभिलेखावरून दिसतं त्या सगळ्यांना लेखी कळवायचं. इथला 'आणि' महत्त्वाचा आहे. चावडीवर कागद डकवला म्हणजे काम संपलं, असं कायदा म्हणत नाही. प्रत्येक हितसंबंधिताला वेगळी लेखी सूचना हवी. हीच 'नमुना ९ ची नोटीस'. जुन्या फेरफारांत तिचा उल्लेख '१३५ ड ची नोटीस' असा सापडतो, कारण १८७९ च्या जुन्या संहितेत तो कलमाचा आकडा होता.

नोटीस मिळाल्यावर हरकत घेता येते. हरकत आली की तलाठ्याने ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहायची आणि हरकत घेणाऱ्याला तिथल्या तिथे लेखी पोच द्यायची, हेही त्याच कलमात आहे. गावाकडे हरकत बहुतेकदा तोंडी सांगितली जाते. "भाऊसाहेबांना बोललोय मी" एवढ्यावर माणूस निर्धास्त राहतो. पोच नसेल तर ती हरकत नव्हतीच, असं पुढे सहज म्हणता येतं. म्हणून पोच मागणं हा उद्धटपणा नव्हे, तो कायद्याने दिलेला कागद आहे.

आमच्या आत्याच्या बाबतीत काय झालं होतं? वारसांच्या यादीत तिचं नाव होतं. तिच्या नावाची नोटीसही निघाली होती. पण पत्ता माहेरचा होता. नोटीस घरी आली, ती एका काकांनी सही करून घेतली आणि देवघराच्या फळीवर ठेवली. काका कपटी नाहीत. बहिणीला कळवायला हवं, हे त्यांना सुचलंच नाही. पण परिणाम पाहा. जिचा हिस्सा जाणार, तिची नोटीस ज्यांच्याकडे तो हिस्सा येणार त्यांच्या हातात पडली, आणि दप्तरात 'नोटीस बजावली' असा शेरा बसला. माहेरच्या जमिनीतल्या लेकींच्या बाबतीत असं किती घरांत होत असेल, याचा विचार केला की जीव कासावीस होतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. तो हक्क दिल्लीहून निघून गावापर्यंत येतो, आणि पुष्कळदा चुकीच्या पत्त्यावर अडतो.

फेरफार मंजूर झाल्याने मालकी हक्क निर्माण होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. ती महसुली नोंद असते. पण कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे ज्याचं नाव गेलं त्याच्यावर ओझं पडतं.

कूळ हजर नाही

गैरहजेरीची किंमत कोकणाने याआधीही मोजली आहे. खोती, म्हणजे खोतामार्फत सारावसुलीची पद्धत, रद्द व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. कायदा १९४९ साली झाला. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारं कूळ जमिनीचं मानीव खरेदीदार ठरलं. पण ते पक्कं करायला कूळ कायद्याच्या कलम ३२ ग खाली चौकशी व्हायची आणि कुळाला शेतजमीन न्यायाधिकरणापुढे हजर राहावं लागायचं. कूळ हजर राहिलं नाही, तर ते खरेदीस तयार नाही असं जाहीर करून खरेदी निष्प्रभावी ठरवण्याची तरतूद होती. नांगर धरणारा म्हातारा गावात आणि कागद समजणारा मुलगा मुंबईच्या गिरणीत, अशा घरांत या एका तारखेचं वजन केवढं असेल!

कायदा करणाऱ्यांना ही अडचण दिसली होती. म्हणून त्याच कलमात म्हटलं आहे की गैरहजेरीत आदेश झाला तर तो संबंधिताला कळवायचा, आणि कळल्यापासून साठ दिवसांत त्याला फेरविचारासाठी अर्ज करता येईल. मुदत मोजायची ती आदेशाच्या तारखेपासून नाही, तो *कळल्यापासून*. नैसर्गिक न्याय प्रत्यक्षात कसा दिसतो, तर असा, एका शब्दात.

एकतर्फी

दिवाणी न्यायालयात नोटिशीची जागा समन्स घेतं. बेलिफ घरी जातो, कुलूप दिसतं, शेजारी सांगतो 'मुंबईस असतात', आणि तसा शेरा मारून समन्स परत येतं. मग दारावर चिकटवणं किंवा वर्तमानपत्रात जाहीर समन्स देणं, हे पर्याय उरतात. दिवाणी प्रक्रिया संहिता इथेही सावध आहे. ज्या भागात प्रतिवादी शेवटचा राहत होता किंवा कामधंदा करत होता, त्या भागात खपणाऱ्या दैनिकात समन्स छापायला हवं. वीस वर्षं नालासोपाऱ्यात राहणाऱ्या माणसासाठी फक्त रत्नागिरीच्या दैनिकात दिलेली जाहिरात म्हणजे पुन्हा चावडीवरची नोटीसच.

समन्सच लागू झालं नाही आणि एकतर्फी हुकूमनामा झाला, तर आदेश ९ नियम १३ खाली तो रद्द करून घेता येतो. मुदत तीस दिवसांची, पण समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर ती हुकूमनामा कळल्या दिवसापासून. मात्र तारीख माहीत होती आणि तरी आलो नाही, अशी स्थिती असेल तर बजावणीतली तांत्रिक चूक कामाला येत नाही. सुनावणीचा हक्क झोपलेल्याला जागं करण्यासाठी आहे, झोपेचं सोंग घेतलेल्यासाठी नाही.

एकतर्फी आदेशाची धार काय असते, हे महाडने पाहिलं आहे. मार्च १९२७ मध्ये अस्पृश्यांच्या पाण्याच्या हक्कासाठी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात दुसरी परिषद भरणार, तिच्या ऐन तोंडावर विरोधकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली, आंबेडकरांची बाजू ऐकण्याआधीच. हजारो माणसं जमली होती. तरीही न्यायालयाचा मान राखून आंबेडकरांनी तळ्यावर जाणं थांबवलं आणि लढा कोर्टात नेला. पुढे ती मनाई उठली, दावा फेटाळला गेला, आणि अपिलांची वाट चालत मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी त्यांच्या बाजूने लागला. दुसरी बाजू ऐकायला सुरुवात झाली आणि विरोधकांचा पुरातन रूढीचा दावा टिकला नाही. पण दहा वर्षं गेली. आज एकतर्फी मनाई देताना न्यायालयाला कारणं नोंदवावी लागतात आणि तो अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा लागतो. या तरतुदी उगाच आलेल्या नाहीत.

खटल्यात नावच नसलेल्या माणसाचं काय? शेजारच्या दोघांच्या दाव्यात आपली पाणंद जात असेल, चुलत्यांच्या वाटपात आपला हिस्सा धरलेला नसेल, तर आदेश १ नियम १० खाली 'मला पक्षकार करा' असा अर्ज करता येतो. वाटपाच्या दाव्यात तर सगळे सहहिस्सेदार पुढे असायलाच हवेत. उत्तर प्रदेशातल्या शिक्षकांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली बजावलं की ज्यांच्यावर निकालाचा थेट आघात होणार, त्यांना किंवा ते असंख्य असतील तर निदान त्यांच्यातल्या काही प्रतिनिधींना समोर आणल्याशिवाय उच्च न्यायालयाने याचिका निकाली काढू नये.

ऐकणाऱ्याची भाषा

नोटीस पोचली, माणूस हजर झाला, तरी साखळी पूर्ण होत नाही. कागद समजले पाहिजेत आणि ऐकणाऱ्याला आपली भाषा समजली पाहिजे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला मराठी लेखांवरून चालला. नऊ ज्युरींपैकी सात युरोपीय आणि दोन पारशी, मराठी जाणणारे नव्हेत. टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले, आणि त्यातला मोठा वेळ भाषांतरात आपले शब्द कसे बदलले आहेत हे समजावण्यात गेला. सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि सहा वर्षांच्या शिक्षेवर ते मंडालेला गेले. त्याच वेळी मंडालेचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता. १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत त्याला इथे ठेवलं, कुठल्याही न्यायालयापुढे उभं न करता. एकाला सुनावणी मिळाली पण समजून घेणारे कान मिळाले नाहीत. दुसऱ्याला सुनावणीच मिळाली नाही.

भाषेचा हा प्रश्न जुना झालेला नाही. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली, तेव्हा अहवालाच्या मराठी प्रती वेळेत हाती आल्या नाहीत अशी गावकऱ्यांची तक्रार होती. प्रकल्पाच्या बाजूने असा किंवा विरोधात, ही तक्रार गंभीर आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी किमान तीस दिवसांची सूचना हवी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत हवा, सुनावणीचं चित्रीकरण हवं, आणि शेवटी लोकांनी मांडलेले मुद्दे त्यांच्याच भाषेत वाचून दाखवायला हवेत. वाचायला मिळालं नाही, त्यावर माणूस बोलणार काय?

आपल्या हातात काय आहे

थोडं आपल्याकडेही आहे. सातबारा आता घरबसल्या पाहता येतो. शासनाच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर नोटिशीच्या काळातले फेरफार गावानुसार दिसतात. आत्याच्या प्रश्नाला हे निम्मं उत्तर आहे, निम्मंच, कारण ते पाहायचं असतं हे माहीत असायला हवं. गणपतीला आणि शिमग्याला गावी गेल्यावर उतारा काढायची सवय ठेवावी. तलाठी कार्यालयात आपला मुंबईचा पत्ता अर्ज करून द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. आपल्याविरुद्ध दावा येईल असं वाटत असेल तर कॅव्हेट दाखल करता येतं. ते नव्वद दिवस चालतं, आणि तेवढ्या काळात आपल्याला सूचना दिल्याशिवाय आदेश होऊ नये, अशी त्याची रचना आहे. फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील साठ दिवसांत करायचं, उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं आणि रत्नागिरी जिल्हा त्याला जोडला गेला. गावात राहणाऱ्याला आता आंबा घाट चढून त्या दारापर्यंत जाता येतं.

पण उरलेला भार अधिकाऱ्यांवर आणि घरच्यांवर आहे. 'नोटीस बजावली' हा शेरा लिहिण्याआधी कोणावर बजावली, हा प्रश्न तलाठ्याने स्वतःला विचारला पाहिजे. नोटीस घेणाऱ्या भावाने बहिणीला एक फोन केला पाहिजे. सुनावणीचा हक्क राज्यघटनेपासून सुरू होतो, तरी त्याची शेवटची कडी देवघराच्या फळीवर असते.

आत्याने अपील केलं. उशीर माफ झाला. तारखेला ती डोंबिवलीहून रात्रीच्या गाडीने आली, स्टेशनवरच तोंड धुतलं आणि प्रांत कार्यालयाच्या बाकावर बसून राहिली. दुपारी पुकारा झाला. साहेबांनी कागद पाहिले, नोटिशीवरची सही कोणाची, असं विचारलं. मोठे काका खाली बघत म्हणाले, "धाकट्या भावाची." प्रकरण फेरचौकशीला गेलं, ते अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. पण परतताना आत्याने मला एवढंच सांगितलं की साहेबांनी फाईल मिटण्याआधी तिच्याकडे बघून विचारलं होतं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

ती म्हणाली, "चार वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणी विचारलं."